औषधाचं झाड लिहायचं कसं

आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही आहे. लोक जैवविविधता नोंदवही. 2002 च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि त्या समितीनं गावकऱ्यांना विचारून आपल्या शिवारातली झाडं, पाखरं, पिकं, औषधं यांची अशी वही करायला हवी. बरीच वर्षं हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, त्यानंतर राज्याला दरमहा 10 लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं, आणि सगळीकडे धावपळ उडाली. आमची वही त्या धावपळीतली. काम करायला आलेली माणसं पंचायतीच्या ओसरीत बसली, सरपंच आणि दोन-चार पुरुषांना विचारलं, बाकीचं आधीच टाइप करून आणलेल्या यादीतून भरलं आणि गेली.

त्या वहीत सीता-अशोक आहे. आमच्या शिवारात सीता-अशोकाचं एकही झाड नाही. मैदालकडी नाही, जिची साल आमच्याकडे मुका मार लागला की आजही उगाळली जाते. गुळवेलीपुढे लिहिलंय ‘ताप’, हिरड्यापुढे ‘पोट’, अर्जुनापुढे ‘हृदय’. एवढं कुठल्याही कॅलेंडरच्या मागच्या पानावर मिळतं. आणि वहीत माझ्या मामाचं नाव कुठेच नाही.

मामा आमच्या भागातल्या आठ-दहा गावांचे वैदू. धानोरा तालुक्यात, गडचिरोली जिल्ह्यात, आम्ही गोंड. मामांकडे माणूस आला तर ते आधी त्याला बसवतात, पानी देतात, मग बराच वेळ नुसतं बोलत राहतात. काय खाल्लं, कुठं गेला होता, घरात कुणाला असंच झालं का. औषधाचे पैसे घेत नाहीत. नारळ, तांदूळ, कुणी कोंबडा आणला तर कोंबडा. मी वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केली, जिल्ह्याच्या ठिकाणी राहिले, आणि परत आल्यावर ग्रामसभेनं मला समितीत घेतलं. काम एकच सांगितलं: ही वही नव्यानं लिही, आपल्या माणसांना विचारून लिही.

तेव्हापासून मी हेच करते आहे. आणि मला जे म्हणायचं आहे ते असं, की वनौषधींचं ज्ञान वाचवणं म्हणजे झाडांची नावं नि त्यांचे गुण लिहून ठेवणं, ही जी समजूत कार्यशाळांमधून पसरली आहे, ती अपुरी आहे. वैदूचं ज्ञान झाडाच्या नावात फार थोडं असतं. ते कुठल्या जागेचं झाड, कुठला महिना, किती घ्यायचं, काय सोडायचं, आणि कुणाला द्यायचंच नाही, यात असतं. हे जपायचं तर ते जंगल, तो वैदू आणि त्याच्यामागे चालणारं पोर, तिन्ही लागतात. कागद चौथा.

कुड्यापासून सांगते, कारण माझी सुरुवात कुड्यापासूनच झाली. मी यादी घेऊन बसले आणि विचारलं, “मामा, कुडा कशाले लागते?”

“कोनता कुडा?”

“पांढरा.”

“कुठचा?”

मी गप्प. मामा म्हणाले, “घरी बसून का सांगू? चाल.”

आमच्या जंगलात दोन कुडे आहेत. पांढरा कुडा म्हणजे ज्याची साल आव पडली की, रक्त पडायला लागलं की कामी येते. काळा कुडा त्याच्याच सारखा दिसतो. दोन्ही मोडले की दुधाळ चीक येतो, दोन्हींना पांढरी फुलं, दोन्हींच्या शेंगा जोडीनं लोंबतात. बाजारात पांढऱ्याच्या नावाखाली काळ्याची साल सर्रास खपते. मामांनी मला आधी शेंगा दाखवल्या. पांढऱ्याच्या जोडशेंगांची टोकं सुटी असतात. काळ्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या. फुलात पाहायचं तर काळ्याच्या फुलात आत झालर असते, पांढऱ्याच्या फुलात नसते. पान वाळवलं तर काळ्याचं पान निळसर-काळं पडतं. आणि शेवटी सालीचा तुकडा जिभेवर ठेवायला लावला. पांढऱ्याची साल अशी कडू की थुंकून थुंकून तोंड सुकतं. काळ्याची तशी नाही. विद्यापीठात मी हे फरक पुस्तकात वाचले होते, हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून चिकटवलेल्या नमुन्यांच्या, कागदावर पाहिले होते. चव मात्र कुणी घेऊ दिली नव्हती.

मग जागेचं. नाल्याकाठचा कुडा मामा घेत नाहीत. “त्याले पानी लय, त्यात जोर नाई.” टेकाडावरचा, मुरमाड जमिनीतला, उन्हात उभा असलेला घेतात. झाड पोटरीएवढं जाड झालं नसेल तर त्याला हात लावत नाहीत. आता रसायनशास्त्रही हेच सांगतं की एकाच जातीच्या झाडात औषधी द्रव्यांचं प्रमाण जमीन, ऊन, वय आणि ऋतूप्रमाणे बदलतं. आमच्या जुन्या वहीत कुड्यापुढे रकाना होता, ‘उपयोगी भाग: साल’. पोटरीएवढं जाड आणि टेकाडावरचं, हे त्या रकान्यात कुठं लिहायचं?

साल काढण्याची रीत तर मला वाटतं या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. मामा आदल्या दिवशी संध्याकाळी झाडाकडे जातात, बुंध्याशी तांदळाचे चार दाणे ठेवतात, कशासाठी हवंय, कुणासाठी हवंय ते सांगतात. झाडाला निवतं दिलं असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी अनशापोटी जायचं, उगवतीच्या बाजूनं तळहाताएवढी उभी पट्टी काढायची, आणि जखमेवर माती-शेण लिंपायचं. चहूबाजूंनी कधीही सोलायचं नाही. ज्या झाडाची मागची पट्टी भरून आली नाही, त्याकडे यंदा जायचं नाही.

कुणाला हे तांदूळ ठेवणं अंधश्रद्धा वाटेल. मला ते तसं वाटत नाही. निवतं द्यायला एक फेरी, साल आणायला दुसरी फेरी. ज्याला खरंच गरज आहे तोच दोन फेऱ्या मारेल. माणसाचं नाव सांगून घ्यायचं म्हटलं की एका माणसापुरतंच घेतलं जातं. आणि उभी पट्टी का, तर पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. गोल साल काढली की ती वाट पूर्ण तुटते, मुळं उपाशी राहतात, झाड वाळतं. अर्जुनाच्या सालीबद्दल वनशास्त्र आज जे शिकवतं ते हेच: एका बाजूनं, उभी, आतला थर न दुखवता. आमच्या पलीकडच्या जंगलात मैदालकडीची झाडं मी वाळून उभी राहिलेली पाहिली आहेत, बुंध्यापासून खांद्यापर्यंत सोललेली. मैदालकडीची साल अगरबत्तीच्या धंद्यात चिकटपणासाठी लागते, पोत्यांनी लागते. सोलणारी माणसंही गरीबच होती, किलोमागे मजुरी मिळत होती. त्यांना कुणी तोडायची रीत शिकवली नव्हती, आणि ते जंगल सांभाळायचा हक्क कुणाकडेच नव्हता.

सफेद मुसळीचंही तेच झालं. मामांच्या लहानपणी ती पहिल्या पावसानंतर बांधावरसुद्धा दिसायची. मग भाव आला. व्यापाऱ्याचा माणूस आठवडी बाजारात उभा राहू लागला आणि पानं हिरवी असतानाच लोक सब्बल घेऊन निघू लागले, कारण पानं वाळली की मुसळी सापडत नाही. पानं वाळेपर्यंत थांबलं तर मुळ्या भरतात, बी पडून जातं, आणि वरचा गड्डा दोन-तीन मुळ्यांसकट परत मातीत दाबला तर पुढच्या पावसात तो फुटतो. हे मामांना माहीत आहे, म्हणून ते पानं हिरवी असताना जागा पाहून दगड मांडून ठेवतात आणि पानं गेल्यावर येतात. घाईवाल्यांनी ते दगडही ओळखले. आता मामा दगड मांडत नाहीत, जागा डोक्यात ठेवतात.

आमच्याकडे पंडुम, म्हणजे सण, असतो. मोहाचा, आंब्याचा, बिब्याचा. पंडुम झाल्याशिवाय ते फळ, ते फूल त्या वर्षी खायचं नाही, घरात आणायचं नाही. मरका पंडुम म्हणजे आंब्याचा. तो होईपर्यंत कैरीला हात नाही. यात गावदेवाचा मान आहे, आणि फळ पिकू देण्याची मुदतही आहे. चारोळीला असा धाक राहिला नाही तिथे काय झालं ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. दुसऱ्यानं न्यायच्या आत आपण न्यावी म्हणून हिरवी चारोळी फांद्यांसकट तोडली जाते, कच्च्या बियांना भाव निम्मा मिळतो आणि नवीन रोपं कुठेच दिसत नाहीत. म्हणून नव्या वहीत मी पंडुमाला पान दिलं आहे. औषधांच्याच भागात. समितीतल्या एका काकांनी विचारलं, हा तर सण आहे, सणांची वेगळी वही नाही का? ग्रामसभेत बराच वेळ चर्चा झाली आणि पान औषधांतच राहिलं.

बायांबद्दल लिहायलाच हवं. जुन्या वहीसाठी एकाही बाईला विचारलं नव्हतं. पुरुष वैदूकडे साली आणि मुळ्या. पण घरातलं रोजचं औषध बायांच्या हातात. माझी आजी तान्ह्या बाळाच्या पोटात मुरडा आला की मुरुडशेंग सहाणेवर किती वेढे उगाळायची ते बाळाच्या महिन्यावरून ठरवते. मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल कुणाच्या अंगाला लावायचं, बिब्याचं तेल भेगांना कसं लावायचं आणि कुणाच्या कातडीला ते मुळीच सोसत नाही, हे तिला बरोबर ठाऊक. बिब्यानं अंग उतून फोड येतात, त्यामुळे हे ‘कुणाला नाही’ फार महत्त्वाचं. पावसाळ्यात आजीबरोबर तरोट्याची भाजी, खापरखुटी, कुड्याची फुलं, वास्ते, सात्या आणायला गेलं की भाजी कुठं संपते आणि औषध कुठं सुरू होतं हे सांगता येत नाही. कुड्याची फुलं आम्ही भाजी करून खातो, आणि पावसाळा लागताना पोटं बिघडायच्या दिवसांतच ती खातो. आजीला मी वहीसाठी विचारलं तर म्हणाली, “हे का औषध हाय? हे त आपलं खानं हाय.” म्हणूनच कुणी तिला आजवर विचारलं नसावं.

आता एक गोष्ट ठासून सांगते, कारण शहरातले वाचक एकतर या ज्ञानाला जादू समजतात नाहीतर थोतांड. मामा सापाचं औषध देत नाहीत. मण्यार चावली, घोणस चावली, तर त्यांच्याकडे आलेल्या माणसाला ते क्षणभर बसवत नाहीत. आधी गाडी, मग दवाखाना, तिथलं प्रतिविषाचं इंजेक्शन. “मन्यारचं औषध माह्याजवळ नाई. माह्या बापाजवळबी नव्हतं. बिनविषारी साप चावलेला वाचला, त वैदूचं नाव झालं.” थंडी वाजून ताप आला की आधी आशाताईकडे पाठवतात, बोटातलं रक्त तपासून घ्या म्हणतात. आमच्या जिल्ह्यात मलेरिया आहे, त्यातही डोक्यात जाणारा फार, आणि भुईनिंबाच्या काढ्यावर दिवस काढणं म्हणजे जीव घालवणं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. जुलाबात पोर मलूल झालं तर आधी मीठ-साखरेचं पानी. कळलावीचा कंद मामा ओळखतात. त्यातलं विष माणूस मारू शकतं हेही ओळखतात. नव्या वहीत प्रत्येक औषधापुढे आम्ही ‘इथे थांबा’ असा मजकूर लिहितो, म्हणजे कधी दवाखान्यात जायचं. हा मजकूर मामांच्याच तोंडचा आहे. आपल्या ज्ञानाची हद्द कुठे संपते हे ज्याला कळतं, त्याच्यावर लोकांचा विश्वास बसतो, आणि मी डॉक्टरांसमोर मामांची बाजू याच बळावर मांडते.

आता लिहिण्याच्या धोक्याकडे येते. आधी लिहिण्याच्या बाजूनं बोलते, कारण ती बाजूही खरी आहे. 1995 साली अमेरिकेत हळदीनं जखम भरते या गोष्टीवर पेटंट दिलं गेलं. आपल्या घराघरातली गोष्ट! डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं त्याविरुद्ध लढा दिला आणि 1997 साली ते रद्द झालं. रद्द झालं ते कागदाच्या जोरावर; संस्कृत ग्रंथ आणि जुने छापील लेख पुढे ठेवता आले म्हणून. त्यातूनच 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला. पण त्या संग्रहाचा पाया ग्रंथ आहेत: आयुर्वेद, युनानी, सिद्ध, योग. माझ्या मामांचा ग्रंथ नाही. आमचं सगळं तोंडी, गोंडीत. उद्या कुणी त्यातली गोष्ट उचलली तर आम्ही पुढे काय ठेवणार? म्हणून लिहायला तर हवंच.

पण लिहिलेलं कुणाच्या हातात पडतं? केरळातल्या काणी आदिवासींची गोष्ट मला कॉलेजात शिकवली होती. 1987 मध्ये अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञांबरोबर वाट दाखवायला गेलेले काणी एका झाडाची फळं खात होते आणि थकत नव्हते. आरोग्यपच्च. त्यावरून तिरुवनंतपुरमच्या वनस्पती संस्थेनं ‘जीवनी’ नावाचं औषध बनवलं, परवाना विकला, आणि परवान्याच्या पैशांतला नि रॉयल्टीतला निम्मा वाटा काणींच्या ट्रस्टला दिला. जगभर याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण पुढे ते झाड जंगलातून उपटून नेलं जाऊ लागलं, हेही त्याच गोष्टीचा भाग आहे. शिकवताना हा भाग कुणी सांगत नाही.

आपल्याकडे कायद्यात वाटा मागायची सोय आहे. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं सांगितलं की देशी कंपन्यांनाही जैवसंपत्ती वापरली तर स्थानिक लोकांना लाभाचा वाटा द्यावा लागेल. त्यानंतर 2023 मध्ये जैविक विविधता कायद्यात दुरुस्ती झाली आणि ग्रंथांत नोंदलेल्या, म्हणजे औषध कायद्यातल्या अधिकृत ग्रंथांत असलेल्या, ज्ञानाला या वाट्यातून सूट मिळाली. याचा अर्थ आमच्यासाठी काय? पांढरा कुडा म्हणजे आयुर्वेदाचा कुटज. चरकसंहितेत आहे, मेडिकलच्या दुकानात कुटजारिष्ट मिळतं. कुडा आमच्या टेकाडावरचा, तो टिकवला आमच्या निवत्याच्या रीतीनं, पण वाटा मागायला गेलं की ‘हे तर ग्रंथात आहे’ असं उत्तर येऊ शकतं. मला ही दुरुस्ती अन्यायाची वाटते. ज्ञान ग्रंथात असेल, झाड ग्रंथात उगवत नाही.

म्हणून मी लोकांना जैवविविधता कायद्यापेक्षा वनहक्क कायदा आधी वाचायला सांगते. 2006 च्या या कायद्यात गौण वनोपजाच्या, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या इतर वस्तूंच्या, व्याख्येतच औषधी वनस्पती, मुळं आणि कंद आहेत, त्यांची मालकी ग्रामसभेला मिळू शकते. आणि कलम 3(1)(ट) मध्ये, इंग्रजी प्रतीत ते ‘के’ आहे, जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क सरळ शब्दांत लिहिला आहे. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात सर्वांत आधी मिळालेल्या गावांपैकी ते एक. देवाजी तोफांनी आणि त्या गावच्या लोकांनी ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आम्हाला लहानपणीच ऐकवली होती. तिथले अभ्यासगट, एकमतानं निर्णय घ्यायची पद्धत, हे पाहूनच आमच्या ग्रामसभेनं धडे घेतले.

हक्क आला की औषधाचं काय होतं ते वणव्यावरून सांगता येईल. तेंदूला नवी कोवळी पानं यावीत म्हणून उन्हाळ्यात ठेकेदाराची माणसं जंगलाला आग लावायची, मोह वेचायला सोपं जावं म्हणून आपलीच माणसं झाडाखालचा पाला पेटवायची. आग मोठ्या झाडांना फार काही करत नाही. जमिनीवरचं बी जळतं, भुईनिंब, शतावरीची कोवळी रोपं, रानहळदीचं सगळं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं हक्क मिळाल्यावर तेंदू तोडणंच बंद केलं, बांबूवर गाव चालवलं. आमच्या ग्रामसभेला तेवढं झेपलं नाही, तेंदूचा पैसा लोकांना हवा आहे. पण आग बंद केली, पाळी लावून राखण केली, मोहाखाली झाडू मारायचा ठराव केला. मामा म्हणतात टेकाडाच्या मागच्या उतारावर शतावरी परत दिसायला लागली. मी जाऊन पाहिली. आहे.

वहीचं ग्रामसभेत असं ठरलं आहे. तिचे दोन भाग. पहिला उघडा: झाडाचं गोंडी आणि मराठी नाव, मी ओळखून घातलेलं शास्त्रीय नाव, वर्तमानपत्रात दाबून वाळवलेला नमुना, झाड कुठल्या जागेला, कुठल्या महिन्यात काय घ्यायचं, किती सोडायचं, कुठे थांबायचं. दुसरा बंद: कशात काय मिसळायचं, मात्रा किती. तो गोंडीत, देवनागरीत, आणि ग्रामसभेच्या पेटीत. बाहेरच्या कुणाला पाहायचा असेल तर ग्रामसभेत येऊन कारण सांगायचं, लेखी करार करायचा, आणि मामा व आजी ‘हो’ म्हणाल्या तरच. मात्रा मी इथे कुठेच लिहिलेली नाही, ती त्यामुळे. मोबाइलवर व्हिडिओ काढायचा की नाही यावर तरुणांचा नि माझा वाद चालू आहे. माझं म्हणणं, रीतीचा व्हिडिओ काढावा, मिश्रणाचा नको.

मला खरी काळजी पोरांची आहे. मामांचा मोठा मुलगा दर वर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातो. तो हुशार आहे, लहानपणी बापामागे फिरलेला आहे, त्याला कुड्यातला फरक झोपेतही कळेल. पण औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत ही घराण्याची रीत, आणि घरात तेल-मीठ तर लागतं. त्याला इथे ठेवायचं कसं? वैदूनं पैसे घ्यावेत असं मला वाटत नाही, मामांनाही नाही. मग ग्रामसभेनं तेंदूच्या पैशातून एक भाग काढून दोन शिकणाऱ्यांना मानधन द्यावं, असा विषय मी मांडला आहे. काहींचं म्हणणं, घराण्याबाहेरच्याला शिकवू नये. मामांनी यावर एका वाक्यात निकाल दिला: “पोट्टं रोज येत असन त शिकवीन, कोनाचंबी असू दे.” दोन नावांत एक मुलगी असावी हा माझा आग्रह आहे, आजीनंही सभेत उभं राहून तेच सांगितलं, आणि आजी सभेत उभी राहिलेली गावानं आधी पाहिली नव्हती.

मानधनाचा विषय पुढच्या ग्रामसभेत मताला येईल. तोवर शाळेच्या मोठ्या मुली शनिवारी दुपारी आजीबरोबर जातात, मी वही आणि कात्री घेऊन मागून.

तुम्ही विदर्भातल्या कुठल्याही गावचे असाल तर एवढं करा. ग्रामपंचायतीत जा, लोक जैवविविधता नोंदवही पाहायला मागा. ग्रामसभेत ती मोठ्यानं वाचायला लावा. जे झाड तुमच्या शिवारात नाही ते खोडायला सांगा, ज्या वैदूला, ज्या सुईणीला कुणी विचारलं नाही तिचं नाव घ्या. आणि मात्रा, मिश्रण असं काही त्यात आधीच छापलं गेलं असेल तर तो भाग बंद ठेवायचा ठराव त्याच सभेत घ्या आणि त्याची प्रत राज्याच्या जैवविविधता मंडळाला पाठवा. मंडळाचं कार्यालय नागपूरलाच आहे.